धिप्पाड गड्याचें मोल

आमच्या घरांत राजकारणावरून भांडण होत नाहीं; वृत्तपत्र आल्याबरोबर तें सकाळींच उरकतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर जो वाद पेटतो, तो कबड्डीचा. पुतण्याचे दोन्ही मुलगे 'पुणेरी पलटण' या संघाचे निस्सीम भक्त आहेत. त्या संघानें इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा धिप्पाड गडी २०२३ सालीं विकत घ्यावयास हवा होता कीं नव्हता, आणि घेतल्यावर पुढच्याच सालीं त्यास सोडावयास हवें होतें कीं नव्हतें, या दोन प्रश्नांवर त्यांचें अद्यापि एकमत झालेलें नाहीं. थोरला म्हणतो, हत्ती दारीं असलाच पाहिजे. धाकटा म्हणतो, हत्तीच्या चाऱ्यापायीं गोठ्यांतलीं वासरें उपाशी राहतात. पंच म्हणून मला मध्यें बसवितात. आणि हा पंच, खरें सांगावयाचें तर, दोन्ही वेळां चुकला.

ज्या वाचकांस हा व्यवहार ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करणें प्राप्त आहे. ज्या खेळास आमच्या लहानपणीं वडीलधारीं माणसें हुतूतू म्हणत, त्याची धंदेवाईक स्पर्धा २०१४ सालापासून भरते आणि तींतले खेळाडू लिलावांत घेतले जातात. प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२३ सालीं ती पांच कोटींची होती. त्या वर्षीं ऑक्टोबरच्या ९ व १० तारखांस मुंबईंत जो लिलाव झाला, त्यांत पुण्यानें या एकट्या गड्यावर दोन कोटी पस्तीस लक्ष रुपये टाकले. तें ऐकून आमच्या थोरल्या सूनबाई ताटें उचलतां उचलतां म्हणाल्या, "म्हणजे लग्नाच्या निम्म्या खर्चांत नुसता बँडच आणला म्हणायचा!" मीं त्यांच्या बाजूनें मान डोलाविली. ही माझी पहिली चूक.

या खरेदींत एक मौज अशी कीं, लिलावाच्या दोनच दिवस आधीं, ७ ऑक्टोबर रोजीं, चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना भारत व इराण यांमध्यें झाला होता. गुणांवरून असा तंटा माजला कीं खेळ बराच वेळ थांबवावा लागला. शेवटीं ३३ विरुद्ध २९ गुणांनीं सुवर्णपदक आपल्याकडे आलें. शादलुई इराणच्या बाजूनें उभा होता, आणि भारताच्या संघांत अहिल्यानगर जिल्ह्यांतला अस्लम इनामदार व आमच्या नाशिकचा आकाश शिंदे हे दोघे होते. हे दोघेहि पुण्याचेच गडी! शनिवारचा वैरी मंगळवारपर्यंत गोतांतला झाला. धाकट्या नातवास तेव्हां हें मुळींच रुचलें नव्हतें.

आतां धिप्पाडपणाचा कबड्डीशीं संबंध काय, हें पाहूं. चढाई करणारा गडी पकडला गेला तरी त्याचा दम टिकून असेपर्यंत तो मेलेला नसतो. मध्यरेषेस त्याच्या बोटाचें टोंक जरी लागलें, तरी तो वांचतो आणि त्याला धरणारे सगळे बाद होतात. चढाईवाला परत फिरण्याच्या बेतांत असतां कोपऱ्यावरच्या गड्यानें त्याचा घोटा किंवा मांडी धरावयाची, आणि शेजारच्यांनीं त्याची वाट अडवावयाची, असा हा डाव. ऐंशी किलोंचा चढाईवाला घोट्यास लोंबकळणाऱ्या किरकोळ गड्यास फरफटत रेषेपर्यंत नेतो. म्हणून कोपऱ्यावर जड, लांब हातांचा गडी असावा हें म्हणणें कांहीं खुळें नव्हे. परंतु त्याच्या शेजारचा गडी अर्धा क्षण उशिरां आला, तर तेंच वजन दोघांना घेऊन बुडतें. शादलुई हा डाव्या कोपऱ्याचा. पुण्याजवळ चढाईस पोरें भरपूर होतीं. डाव्या कोपऱ्याचा जुना इराणी खेळाडू फाजल अत्राचली यास त्यांनीं नुकतेंच मोकळें केलें होतें. तेवढीच जागा उघडी होती, आणि त्या जागेचाच माणूस त्यांनीं आणला. त्या हंगामांत त्यानें पकडींचे ९९ गुण मिळविले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पुण्यानें आपलें पहिलें विजेतेपद मिळविलें. सूनबाईंनीं बँडाचा विषय पुन्हा काढला नाहीं.

अमेरिकेंत बास्केटबॉलचे संघ नव्या खेळाडूंचा लिलाव करीत नाहींत. तेथें पाळीपाळीनें निवड होते, आणि मागील वर्षीं जे दुबळे ठरले त्यांस सामान्यतः आधीं पाळी मिळते. उद्योगपर्वांत श्रीकृष्णानें धाकटा म्हणून अर्जुनास प्रथम निवड करावयास सांगितलें, त्याच जातीचा हा न्याय. अर्जुनानें निःशस्त्र कृष्ण मागितला आणि अफाट नारायणी सेना पदरीं पडली म्हणून दुर्योधन खूष होऊन घरीं गेला, हें सर्वांस विदितच आहे. १९८४ सालीं पोर्टलंडच्या संघाची दुसरी पाळी होती. टोपली जमिनीपासून दहा फूट उंच, तेव्हां उंच माणूस हवाच, असें ठरवून त्यांनीं सात फूट एक इंच उंचीचा सॅम बोई घेतला. मायकेल जॉर्डन तिसऱ्या पाळीच्या शिकागोस मिळाला. बोईचे पाय दुखापतींनीं त्याला बसूं देईनात, असें नव्हे. उभेंच राहूं देईनात! जॉर्डननें १९९१ ते १९९८ या काळांत शिकागोस सहा विजेतेपदें मिळवून दिलीं.

ही कथा धाकटा नातू मोठ्या आवेशानें सांगतो. पण ती अर्धीच सांगतो. त्याच दिवशीं पहिली पाळी असलेल्या ह्यूस्टननेंहि उंच माणूसच घेतला होता. त्याचें नांव हकीम ओलाजुवान, आणि त्यानें ह्यूस्टनला १९९४ व १९९५ सालीं लागोपाठ विजेतेपद दिलें. तेव्हां दोष उंचीचा म्हणतां येत नाहीं. पोर्टलंडनें आधीं आपली उणीव ठरविली आणि मग त्या उणिवेच्या मापाचा माणूस शोधला. समोर कोण उभा आहे हें पाहावयाचें राहून गेलें.

आपल्याकडेहि असे दाखले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई, ज्याला लोक बाहुबली म्हणतात, तो २०१८ सालीं यू मुम्बा संघानें छत्तीस लक्षांच्या आसपास घेतला. त्याच्या चढायांनीं तें वर्ष गाजलें. दुसऱ्या वर्षीं तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं एक कोटी पंचेचाळीस लक्ष मोजले. तेथेंहि त्यानें गुणांची रास घातली. संघ मात्र बारांत अकरावा आला.

पुण्यानें ऑगस्ट २०२४ च्या लिलावापूर्वीं शादलुईस सोडलें तेव्हां मीं ओसरीवर जाहीर केलें कीं, हेंच शहाणपण. घरच्या पोरांवर पैसा लावावा. ही माझी दुसरी चूक. हरियाणानें त्याला दोन कोटी सात लक्षांस उचललें, आणि २९ डिसेंबर रोजीं पुण्याच्याच बालेवाडींत पाटण्यास ३२-२३ असें नमवून अजिंक्यपद मिळविलें. पुणें त्या वर्षीं बाद फेरींतहि पोंचलें नाहीं. अस्लमचा गुडघा दुखावला होता हें खरें; तथापि थोरल्या नातवानें त्या रात्रीं माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती मीं विसरलों नाहीं. पुढें २०२५ सालीं गुजरातनें त्याच गड्यास दोन कोटी तेवीस लक्ष दिले आणि गुजरात पहिल्या आठांतहि आलें नाहीं. उलट त्याच्यावांचून पुणें साखळींत पहिलें आलें, आणि ३१ ऑक्टोबर रोजीं अंतिम सामना दिल्लीशीं अवघ्या तीन गुणांनीं हरलें. म्हणजे हत्तीवाला नातूहि खरा आणि वासरांवालाहि खरा. अशा वेळीं पंचानें काय करावें?

पंचानें काय केलें होतें तें सांगतों. मी ज्या शाळेंत शिकवीत असें, तेथें संस्कृताच्या तासांखेरीज कबड्डीचा संघहि कांहीं वर्षें माझ्याकडे होता. तालुक्याच्या सामन्यांस बारा मुलें न्यावयाचीं असत. सात खेळणारीं, पांच राखीव. शालेय सामन्यांत वजनाची मर्यादा असते, हें वाचकांस माहीत असेल. मुलगा आधीं तागडीवर उभा राहतो, मग मैदानावर. त्या वर्षीं आमचा संघ हलका आहे, एक भारदस्त गडी हवाच, असें माझ्या मनानें घेतलें. तसा एक मुलगा होता, पण मर्यादेहून दीड किलो भरत होता. मीं त्याला दोन दिवस जवळजवळ उपाशी ठेविलें, पहाटे स्वेटर घालून मोसमच्या कांठानें धांवविलें. वजन भरलें. दुसऱ्या सामन्यांत त्याच्या डोळ्यांपुढें अंधारी आली आणि त्याला आधार देऊन बाहेर आणावें लागलें. त्याच्या आईनें मला दोष दिला नाहीं, तिनें फक्त, "गुरुजी, पोर जेवलं होतं का?" एवढेंच विचारलें.

त्याच्यासाठीं जो तेरावा ठरला, तो मागावर काम करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा. अंगानें काटकुळा, पण घोटा असा धरी कीं सुटका नाहीं. यादी फळ्यावर लागली तेव्हां तो मागें उभा राहून वाचीत होता. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळीं मैदानावर येईनासा झाला, आणि वर्षअखेरीस शाळेंतूनहि गेला. घरच्या अडचणी होत्याच. माझ्या यादीमुळेंच गेला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मीं मात्र त्याच्या घरीं एकदांहि गेलों नाहीं.

पुण्यानें अजिंक्यपद मिळविलें त्यानंतर कांहीं दिवसांनीं तो मला चहाच्या दुकानापाशीं भेटला. केंस पिकले आहेत. आतां स्वतःचे चार माग आहेत. त्यानेंच शादलुईची गोष्ट काढली, मांडी कशी धरतो तें हातवारे करून दाखविलें. मीं धीर करून त्या यादीचा विषय काढला. तो हंसला. म्हणाला, "गुरुजी, त्यालाच घ्यायला हवं होतं. मलाही तसंच वाटत होतं. फक्त त्याला जेवायला घालायचं होतं."

हें मीं घरीं सांगितलें तेव्हां धाकट्यानें विचारलें, "आजोबा, तो कोणता कोपरा धरायचा?"

डावा, असें मीं सांगितलें. थोरला कांहीं बोलला नाहीं. पुढील लिलावाच्या वेळीं पंच म्हणून मला बसवूं नये, असें दोघांनाहि बजावून ठेविलें आहे.