चाल तीच, वेग वेगळा

संध्याकाळी क्लास सुटले की सप्तापुरात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतल्या कुणालाही वेगाची व्याख्या विचारा, पाठ असते: एकक काळात विशिष्ट दिशेने कापलेले अंतर. त्यातले 'विशिष्ट दिशेने' हे दोन शब्द मात्र आपण परीक्षेपुरतीच सांभाळतो.

कन्नड पुस्तकांत चालीला 'जव' म्हणतात आणि वेगाला 'वेग'च. रामरक्षेत मारुतीच्या वर्णनात हे दोन्ही शब्द आहेत, पण तिथे अर्थ जवळपास एकच. दिशेचा फरक घातला तो भौतिकशास्त्राने. म्हणूनच चिगरीने हुबळीला जाऊन त्याच स्टॉपवर परत उतरलात, तर तुमचा सरासरी वेग शून्य. वेळ गेला, तिकिटाचे पैसे गेले, तरी शून्यच!

हे वाचून हसू येते. बायपासवर मात्र येत नाही.

गब्बूर ते नरेंद्र हा आपला बायपास कित्येक वर्षे दोनच पदरी होता, मध्ये दुभाजक नाही. पुढे तो सहा पदरी करायचे काम हाती घेतले गेले. 15 जानेवारी 2021 ला इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची मिनीबस आणि टिपर समोरासमोर धडकले. दहाहून अधिक जीव गेले.

आता दिशा धरून गणित करू. दोन गाड्या ताशी 80 किलोमीटरने एकाच दिशेने जात असतील, तर एकमेकींच्या दृष्टीने त्यांचा वेग शून्य. त्याच समोरासमोर आल्या की 160. काट्यावर दोन्ही वेळा 80च दिसतो, कारण काटा चाल दाखवतो, दिशा नाही.

पुढे ट्रक 60 ने चालला आहे, तुम्ही 80 ने ओव्हरटेक करता. फरक ताशी 20 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकमागे 20 मीटर, ट्रकची लांबी 10, पुढे सुरक्षित अंतर 20, असे 50 मीटर जास्तीचे कापायला 9 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 200 मीटर पुढे गेलेले असता आणि समोरून 80 ने येणारा 200 मीटर जवळ आलेला असतो. म्हणजे निघताना 400 मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. समोरचा 100 ने येत असेल तर 450. वळणावर आणि चढावर एवढा रस्ता दिसतच नाही.