ब्रेकरचेही शिक्षण हवे

प्रति,
मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, महाराष्ट्र राज्य.

महोदय,

साताऱ्याच्या जुन्या पेठांतले बोळ, वाईत कृष्णेच्या घाटांकडे उतरणाऱ्या गल्ल्या, तासगावच्या द्राक्षबागेतल्या दोन ओळींमधली जागा. इथे मोठे पोकलेन शिरत नाही. इथे दीड-पावणेदोन मीटर रुंदीचे, तीन-साडेतीन टनांचे मिनी एक्स्कॅव्हेटरच लागते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि गावोगाव घरांपर्यंत नळ नेण्यासाठी चर खणण्याचे काम वाढले, तशी या छोट्या यंत्रांची गरजही वाढली. माती आणि मुरूम बकेटने निघतात. पाषाण लागला की बकेट उतरवून ब्रेकर चढवावा लागतो, आणि तिथून पुढचे ज्ञान बहुतेक ऑपरेटर एकमेकांकडे बघूनच मिळवतात. सातारा आणि सांगलीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फक्त ब्रेकरची निवड आणि निगा शिकवणारा छोटा अभ्यासक्रम सुरू व्हावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

मागणी याच दोन जिल्ह्यांसाठी का, तर इथल्या जमिनीमुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून हा सगळा मुलूख घडला. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर जांभा आहे, त्याखाली कुठे सच्छिद्र मांजऱ्या, कुठे गेरूसारखा लाल थर आणि कुठे एकसंध काळा पाषाण. सांगलीत कृष्णाकाठी काळ्या मातीचा जाड थर आहे, पण जत-आटपाडीकडे सरकले की हात-दोन हातांवर खडक वाजतो. एकाच चरात दहा पावलांवर दगडाची जात बदलते. इमारतीतले नेहमीचे एम-२० काँक्रीट चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सहन करते. घट्ट काळा पाषाण बहुधा १०० न्यूटनच्याही पुढे जातो. काँक्रीट फोडून दाखवणारे प्रात्यक्षिक पाहून घेतलेला ब्रेकर माण-खटावच्या खडकावर थकतो, तो यामुळे.

निवडीतली पहिली चूक वजनाची असते. ‘मोठा घ्या, लवकर फोडेल’ हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. यंत्राला न पेलणारा ब्रेकर बूम लांब केल्यावर यंत्राचा तोल घालवतो, पिना सैल करतो, बूमच्या वेल्डिंगला तडे पाडतो. फार लहान ब्रेकरही नुकसानच करतो. दगड फुटत नाही म्हणून ऑपरेटर यंत्राचे सगळे वजन त्यावर टाकतो, एकाच जागी ठोकत राहतो आणि पिस्टनपासून सीलपर्यंत सगळे झिजवतो. प्रत्येक उत्पादक आपल्या ब्रेकरला किती वजनाचे यंत्र चालेल, याची खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा देतो. त्या दोन्ही वाचायच्या असतात.

वजन जुळले तरी तेल जुळायला हवे, आणि हीच बाजू सर्वांत दुर्लक्षित आहे. ब्रेकरला दर मिनिटाला ठरावीक लिटर तेल ठरावीक दाबाने लागते. कमी मिळाले तर फटके मंदावतात. जास्त मिळाले तर ते बेफाम वाढतात आणि सुटे भाग लवकर मोडतात. फटका मारून झालेले तेल टाकीत परत जाण्याची वाटही मोकळी हवी. परतीचा होज बारीक असला, किंवा स्वस्तातली जोडणी वापरली, तर उलट दाब तयार होतो, फटक्याचा जोर जातो आणि तेल तापते. मे महिन्यात आटपाडीच्या उन्हात दुपारी यंत्र ‘दम टाकते’, तेव्हा दोष अनेकदा इंजिनावर ढकलला जातो. फ्लो मीटर लावून पाच मिनिटे मोजले तर खरे कारण हाती येते. पण ते मीटर लावायचे कसे आणि आकडा वाचायचा कसा, हे कोणीतरी शिकवायला हवे.

याच मातीत दगडाचे शास्त्र फार जुने आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकातली. तिचे दगड घडवणाऱ्यांच्या हाती पहार, घण आणि छिन्नी एवढेच होते. पाथरवट आणि वडार कारागिरांना पोलादाला पाणी द्यायचे कसे आणि ते उतरते कशाने, हे पक्के ठाऊक असते. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९६७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकर बाजारात आणला, तरी दगडाला भिडणारे शेवटचे टोक छिन्नीचेच राहिले. एकाच जागी अर्धा मिनिट ठोकूनही दगड फुटला नाही, तर जागा बदलावी, कडेकडून आत यावे. नाहीतर टोक लालभडक होते, त्याचे पाणी उतरते आणि ते चेपून पसरते. तापलेली छिन्नी डबक्यात बुडवून गार करण्याची सवय तर आणखी वाईट, तिने पोलादाला तडा जातो. छिन्नी दगडावर काटकोनात टेकली पाहिजे. तिने दगड उचकटायचा नाही, ओढायचा नाही. दगड फुटताक्षणी पेडल सोडायचे, कारण छिन्नीखाली दगड नसताना बसलेला प्रत्येक फटका ब्रेकरच्या स्वतःच्या पिनांवर आणि बोल्टांवर बसतो.

ग्रीसची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी. कामाच्या साधारण दर दोन तासांनी ग्रीस द्यावे, हे बहुतेकांना माहीत असते. कसे द्यावे, हे नसते. ब्रेकर सरळ उभा करून जमिनीवर दाबून धरावा, छिन्नी पूर्ण आत गेली पाहिजे, आणि मगच ग्रीस पंप करावे. ब्रेकर लोंबकळत ठेवून ग्रीस भरले, तर ते छिन्नी आणि पिस्टन यांच्यामधल्या पोकळीत साचते. पुढच्या फटक्याला त्या ग्रीसला जायला वाट नसते आणि सील फाटते. म्हणजे ऑपरेटरने काळजी घेतली आणि त्या काळजीनेच नुकसान झाले. ग्रीसही उष्णता सोसणारे, खास छिन्नीचे असावे; साधे ग्रीस वितळून वाहून जाते. ब्रेकर सतत चालणाऱ्या यंत्राचे हायड्रॉलिक तेल आणि फिल्टर नेहमीच्या निम्म्याहूनही कमी तासांत बदलावे लागतात, हेही अनेक मालकांना तेल काळे पडल्यावरच समजते.

विहिरीच्या कामात धोका वाढतो. तळाला झरा लागला की ऑपरेटर पाण्यातच ब्रेकर चालवतो. साध्या ब्रेकरच्या पोकळीत पाणी शिरले की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि सील, होज, प्रसंगी पंपही निकामी होतो. पाण्याखाली काम करायचे तर त्या पोकळीत दाबाखाली हवा सोडण्याची सोय असलेला ब्रेकर लागतो, नाहीतर आधी पाणी उपसून घ्यावे लागते. बहुतेक ब्रेकरांच्या माथ्यात नायट्रोजन असतो. तिथे दुसरा कोणताही वायू भरू नये. गॅरेजमध्ये वेल्डिंगसाठी ऑक्सिजनची नळकांडी शेजारीच उभी असते, आणि तेलाशी ऑक्सिजन भिडला तर स्फोट होतो. कॅबिन उघडी असलेल्या मिनी यंत्रावर समोर जाळी किंवा पॉलिकार्बोनेटची ढाल नसेल, तर काळ्या पाषाणाची कपरी थेट डोळ्यात जाते. हे सगळे चुकतमाकत शिकावे, असे कोणाही तरुणाला सांगता येणार नाही.

अभ्यासक्रमासाठी फार काही लागत नाही. एक मिनी एक्स्कॅव्हेटर, खोलून ठेवलेला एक ब्रेकर, फ्लो मीटर, नायट्रोजन भरण्याचा संच, आणि जांभा, मांजऱ्या, काळा पाषाण व काँक्रीट यांचे मोठे ठोकळे पुरतील. किर्लोस्करवाडी १९१० पासून सांगलीच्या भूमीवर उभी आहे. कुपवाड, मिरज, कराड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक्स कोळून प्यालेली माणसे आहेत. त्यांच्यातल्या निवृत्तांना शिकवायला बोलवावे. शिकवणे मराठीत व्हावे, आणि इतर राज्यांतून आलेल्या ऑपरेटरांसाठी हिंदीतही.

वेळही ठरल्यासारखीच आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जावळी-पाटणकडे जून ते सप्टेंबर खोदकामे थंडावतात आणि यंत्रे शेडमध्ये उभी राहतात. याच दिवसांत ब्रेकरचा उघडा पिस्टन गंजतो आणि दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात सील जाते. पावसाळ्यात पंधरा दिवसांचा वर्ग ठेवला, तर ऑपरेटरची रोजची कमाई बुडणार नाही आणि तो आपला ब्रेकर सोबत आणू शकेल. वर्गातच तो खोलावा, बुशची झीज मोजावी, पिस्टनला ग्रीस लावून तो नीट ठेवायला शिकावे. शेवटी प्रत्येकाला मराठीत छापलेली तासांची नोंदवही द्यावी, म्हणजे ग्रीस, फिल्टर, गॅस आणि छिन्नी यांचा हिशोब ऑपरेटर बदलला तरी यंत्राबरोबर राहील.

येत्या पावसाळ्यात सातारा आणि सांगली इथे प्रत्येकी एक वर्ग सुरू करण्याचा आदेश आपण द्यावा, ही विनंती.

कळावे.