उपनगरातील दुपार

महानगरी साहित्याची चर्चा चाळ, झोपडपट्टी आणि लोकलचा डबा यांच्यापाशी थांबते. बदलापूरसारख्या नोकरदारांच्या उपनगरातील दुपार तिच्यात क्वचितच येते. सकाळच्या गाड्या सुमारे ६८ किलोमीटरवरील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे निघून गेल्या की मागे उरतात वृद्ध, लहान मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रिया. 'शांत परिसर' म्हणून आपण जिची किंमत मोजतो, ती शांतता मुळात ही अनुपस्थिती असते. घराचे हप्ते फेडण्यासाठी घरापासूनच दूर राहावे लागते. डोंबिवलीत २०१७ साली ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उपनगरांच्या रसिकतेविषयी शंका नाही. प्रश्न त्यांना साहित्याचा विषय मानण्याचा आहे. मागे उरलेल्यांचा दिवस लिहिला जात नाही, तोवर महानगराचे चित्र अपुरेच राहील.