टीबीच्या गोळ्यांत गेलेले महिने

खोकला लांबला, एक्स-रेवर डाग दिसला, की टीबीच्या गोळ्या सुरू. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण याच वाटेने उशिरा खऱ्या निदानापर्यंत पोहोचतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली त्याला अपवाद नाहीत. आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की पहिला संशय तिकडे जाणे स्वाभाविकच. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना आणि गोळ्यांनी उतार पडत नसताना तोच संशय महिनोन्‌महिने धरून बसणे अक्षम्य आहे.

विडी-सिगारेट हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे पहिले कारण. तरीही ती कधी हातात न धरलेल्या बायकांनाही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरची दूषित हवा २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरवली. शिळफाट्याच्या कोंडीत रोज तासन्‌तास काढणाऱ्याच्या बाबतीत ‘ओढत नाही, म्हणजे कॅन्सर नसणार’ असे कोणत्या डॉक्टरने म्हणावे?

सावली कशाची, हे एक्स-रे सांगत नाही. सीटी स्कॅन तिची जागा आणि पसारा दाखवतो. निदान होते ते सुईने किंवा दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यावरून. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते. पसरलेल्या रोगातही आता हात टेकायची वेळ नाही. त्याच तुकड्याच्या जनुकीय तपासणीत ईजीएफआरसारखा बदल आढळला, तर नेमक्या त्यावर काम करणारी गोळी मिळते. परळच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी अशा ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला. गेफिटिनिबच्या गोळीला किमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला.

पहाटेच्या धीम्या लोकलमध्ये मांडीवर एक्स-रेचे पाकीट धरून परळला निघालेली माणसे डोंबिवलीकरांच्या ओळखीची आहेत. त्यांची पहिली तपासणी घराजवळ झाली पाहिजे. कळवा, रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांत महापालिकांनी एवढा एक नियम लावावा : थुंकीत जंतू नाहीत आणि डाग कायम आहे, तर त्याच आठवड्यात सीटी आणि पुढे तुकड्याची तपासणी.

खोकल्यातून रक्त येत असेल, आवाज बसला असेल, वजन उतरत असेल, तर वाचकांनी वाट पाहू नये. टीबीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. मात्र थुंकीत जंतू सापडले का, हे डॉक्टरांना विचारावे आणि तो अहवाल हातात मागून घ्यावा.