आधी बघा, मग खोदा!

मंडळी, आजचा विषय जरा वासाचा आहे, तेव्हा जेवण आटोपून वाचायला बसा. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कोल्हापूरच्या पेठांत घरचं ड्रेनेज तुंबलं की दुसऱ्या मिनिटाला कुदळ-पहार बाहेर निघते, आणि ही सवय मला आता बघवत नाही.

मध्यंतरी आमच्या गल्लीत एका घरी हेच झालं. प्लंबर आला, उकिडवा बसला, अंगणाकडे बघत म्हणाला, "सर, खोदल्याबिगर काय कळायचं न्हाई." झालं! तीन दिवस पहार चालली. जुन्या शहाबादी फरशा फुटल्या, तुळशीवृंदावन हललं, मध्येच नळाची लाईन फुटली. आणि दोष कुठे निघाला? अंगणात नव्हेच, दाराबाहेर, शेवटच्या चेंबरजवळच्या जोडाला. उत्तरपत्रिका न उघडताच मार्क देणाऱ्या मास्तरला तुम्ही काय म्हणाल? एक्स-रे न काढता पोट फाडणाऱ्या डॉक्टरकडे जाल का? मग चार इंची पाईपनेच काय घोडं मारलंय?

बरं, पाईप आधीपासून सांगत असतो हो! फक्त बेसिन तुंबलं तर दोष बहुधा बेसिनच्या ट्रॅपमध्येच. पण वर कुणी आंघोळ केली की खालच्या मोरीत बुडबुडे येतात, संडासचं पाणी चढून सावकाश उतरतं, दोन-तीन ठिकाणी एकदमच तुंबतं, तर समजावं, मुख्य लाईन बिघडलीय. अंगणातली एखादी फरशी खचणं, भिंतीला खालून ओल धरणं, घुशींनी एकाच जागी माती उकरणं, ही त्याच दुखण्याची लक्षणं. परड्यात औदुंबर किंवा पिंपळ असेल तर जुन्या पाईपच्या जोडांतून मुळं शिरलेली असण्याचा संभव मोठा. आणि एक साधी गोष्ट: रस्त्याकडचं चेंबरही भरलेलं असेल तर दुखणं महापालिकेच्या लाईनीत. ते रिकामं आणि घराकडचं भरलेलं, तर दुखणं आपलं. (झाकण काढताना तोंड वर धरू नका, काडी तर मुळीच पेटवू नका. आत गॅस असतो.)

हे कळलं की पुढचं काम कॅमेऱ्याचं. लवचिक केबलच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, चेंबरमधून आत सोडायचा, पडद्यावर बघायचं. आधी जेटिंगने लाईन धुऊन घ्यायची, म्हणजे चित्र स्वच्छ दिसतं. तडा कितव्या फुटावर आहे, जोड सरकलाय की मुळं आहेत, सगळं समोर.

मग खोदायचंच कशाला, हा प्रश्न येतो. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड नावाच्या इंजिनिअरने जुन्या गटारात रेझिनने भिजवलेली कापडी पिशवी आत घातली आणि ती आतच कडक केली. पाईपच्या पोटात नवा पाईप! पाईप जागेवर आहे पण चिरा पडल्यात, जोडांतून गळतंय, तिथे हा उपाय. आतला व्यास थोडा कमी होतो, पण आतून गुळगुळीत झाल्याने पाणी बरं वाहतं. पाईपच गेला असेल तर दुसरी तऱ्हा: दोन टोकांना दोन खड्डे घ्यायचे, जुना पाईप आतून फोडत नवा एचडीपीई पाईप त्याच वाटेने ओढून घ्यायचा. मधलं अंगण जसंच्या तसं.

आता या यंत्रांची भाटगिरीही मला करायची नाही. पाईपचं मध्येच पोट खाली बसलं असेल, उतारच चुकला असेल, तर आतून अस्तर लावल्याने ते पोट सरळ होत नाही. तिथे खोदाच. पण नेमकं तेवढंच, पडद्यावर दिसलंय तिथेच.

"परवडतंय का सर?" हा ठरलेला प्रश्न. फुटाचा दर जास्त, हे खरं. पण फरशी, भिंत, नळाची लाईन, आठवडाभराची मजुरी, रस्ता खोदायची परवानगी आणि पुन्हा डांबर, हे कुणी मोजायचं? घरगुती चार इंची लाईनीला हे काम करणारे आपल्याकडे अजून विरळा आहेत, हेही खरं. मागणीच नसेल तर ते येणार कुठून?

आणि ज्याने मला खरी चीड येते ते सांगतो. "एक माणूस उतरवा की आत, पाचशे रुपयांत मोकळं!" असं सुशिक्षित घरांतून ऐकलंय. मंडळी, सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो फक्त महापालिकेला नाही, आपल्यालाही लागू आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई किमान तीस लाख असावी, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. त्या पाचशे रुपयांत काय विकत घेतो आपण?

"आमच्याच अंगणात गळतंय ना, गळू दे," म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. ते बंद झालं की लाईनीतला दाब जातो, आणि शेजारी मैलापाणी मुरलेलं असेल तर ते नळाच्या चिरेतून आत ओढलं जातं. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी साथ आली, ते इतक्यात विसरलो?

येत्या रविवारी आमच्या आठ घरांची बैठक आहे. कॅमेरा एकदाच आणायचा, सगळ्यांच्या लाईनी बघायच्या, खर्च वाटून घ्यायचा. पाच घरं तयार आहेत. उरलेली तीन घरं "बघू" म्हणतायत. ती तिन्ही हा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे!