विणणावळ



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गेला दीड महिना हातात क्रोशाची सुई होती. बंगळूरच्या नातीसाठी स्वेटर विणत होते. ती नुकतीच दोन वर्षांची झाली. सूनबाईने मोबाइलवर फोटो पाठवला. पांढरा, डोक्यातून घालायचा, पुढे तीन वेण्या असलेला स्वेटर. खाली लिहिलं होतं, "आई, असा जमेल का? घाई नाही." घाई नाही म्हटलं की मला जास्त घाई होते, हे तिला पक्कं ठाऊक आहे!

आता तुम्ही म्हणाल, आजीने नातीला स्वेटर विणला यात लिहिण्यासारखं काय? काहीच नाही. लिहायचं आहे ते त्या निमित्ताने माझ्या जे लक्षात आलं त्याबद्दल. पण आधी थोडं स्वेटरबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

वेणीची वीण ही मूळची दोन सुयांवरची. तिथे काही टाके तिसऱ्या छोट्या सुईवर बाजूला काढून ठेवायचे, पुढचे टाके आधी विणायचे आणि मग बाजूचे विणून घ्यायचे, की पीळ पडतो. क्रोशात हे चालत नाही, कारण आपल्या सुईवर एका वेळी एकच टाका असतो. म्हणून इथे पीळ घालायचा तो खांबांचा. एरवी आपण खालच्या ओळीतल्या खांबाच्या डोक्यात सुई घालतो. वेणीसाठी ती खांबाच्या कमरेभोवती घालायची, पुढून आत आणि पुढूनच बाहेर. मग तो खांब कापडावर उठून दिसतो. अशा चार खांबांपैकी पहिले दोन सोडून पुढचे दोन आधी विणायचे, मग मागे येऊन सोडलेले दोन त्यांच्यावरून विणायचे. परतीच्या ओळीत तेच खांब मागून उचलायचे, नाहीतर उठाव आतल्या बाजूला जातो. दर चौथ्या ओळीला पीळ घातला की छान वेणी दिसते.

सांगायला सोपं आहे. पण पीळ पडला की कापड आत ओढलं जातं, रुंदी कमी होते. म्हणून सुरुवातीच्या साखळ्या हिशेबापेक्षा जास्त घ्याव्या लागतात. मी घेतल्या नाहीत. वीतभर विणून झाल्यावर लक्षात आलं आणि सगळं उसवलं. नंतर गळ्यापाशी फसले. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर, म्हणजे छातीपेक्षा थोडा जास्तच. वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखे होतात आणि मग छाती पुढे जाते. त्यामुळे डोक्यातून घालायच्या स्वेटरचा गळा मानेच्या मापाचा करून भागत नाही, तो डोक्याच्या मापाचा करावा लागतो. मी केला मानेच्या मापाचा. सुनेला व्हिडिओ कॉलवर टेपने नातीचं डोकं मोजायला लावलं आणि पुन्हा उसवलं. शेवटी डावा खांदा उघडा ठेवून तिथे दोन चपटी बटणं लावली, तीही दुहेरी दोऱ्याने घट्ट, कारण या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं.

शिक्षिकेची जुनी खोड म्हणून किती तास लागले ते मी एका वहीत लिहून ठेवत होते. मागचा भाग 7 तास. पुढचा, वेण्यांचा, 12 तास. दोन बाह्या 8. गळा, कडा, शिवण 4. उसवून पुन्हा केलं त्याचे 4. एकूण 35 तास. बेरीज केली आणि वही मिटली. हौसेचं काम, त्याचा हिशेब काय करायचा!

त्याच आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. मांड्याला राहते. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून विणकामावर घराला हातभार लावते. तोरणं, रुमाल, बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, असं करते. सकाळी कल्याणला एका दुकानात हिशेब लिहायला जाते, ते जाता-येता लोकलच्या बायकांच्या डब्यातही तिची सुई चालू असते. तिला वेणीचा पीळ नीट बसत नव्हता म्हणून विचारायला आली होती. तीन वर्षांच्या मुलासाठी स्वेटरची ऑर्डर होती.

मी पीळ दाखवला. तिने दोनदा केला आणि तिला जमला. माझ्यापेक्षा तिचा हात फार चपळ आहे. मग चहा घेताना सहज विचारलं, "किती घेणार आहेस गं?"

ती जरा घुटमळली. म्हणाली, "पंधराशे सांगितले होते, बाई. सातशे ठरले."

"निम्म्यावर आलीस? का?"

"त्या म्हणाल्या, सोसायटीतल्या एक बाई फक्त लोकरीचे पैसे घेतात. त्यांच्याकडूनच करून घेतलं असतं, पण त्यांना सध्या वेळ नाही."

त्या बाई म्हणजे मी. तिला ते माहीत होतं. तिने तक्रार केली नव्हती, मी विचारलं म्हणून सांगितलं इतकंच. मला मात्र चहा गोड लागेना.

ती गेल्यावर वही पुन्हा उघडली. तिचा हात चपळ, तिला 24 तास लागतील असं धरलं. लोकर 400 रुपयांची. सातशेतले राहिले 300. म्हणजे तासाला साडेबारा रुपये. साडेबारा रुपयांत टिटवाळा स्टेशनबाहेर वडापावसुद्धा येत नाही. पंधराशे मिळाले असते तरी तासाला 46 रुपयांच्या वर जात नव्हतं. म्हणजे जो दाम ऐकून त्या गिऱ्हाईक बाई दचकल्या, तोही काही फार नव्हता.

निवृत्त झाल्यापासून मी किती जणांना विणून दिलं असेल! शेजारी, त्यांच्या मुली, मुलींच्या मैत्रिणी. कोणी पैसे विचारले की मी म्हणायचे, "अहो, पैसे कसले, लोकर तेवढी आणून द्या." ते म्हणताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मोठेपणा वाटायचा. पण हा मोठेपणा मला परवडत होता, कारण महिन्याच्या महिन्याला माझी पेन्शन येते. जिला येत नाही तिच्या कामाचा भाव मी माझ्या मोठेपणाने पाडत होते, हे एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मराठी शिकवण्यात जन्म गेला, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. गिरणीत दळणावळ देतो, शिंप्याला शिलाई देतो. सोनाराकडे सोन्याच्या भावावर घडणावळ वेगळी लागते आणि ती आपण निमूटपणे देतो. "सोनं आमचं, तुम्ही नुसती घडवली, त्याचे पैसे कसले?" असं सोनाराला कोणी म्हणतं का? विणणावळ हाही शब्द आपल्या भाषेत आहेच की. पण स्वेटरच्या बाबतीत तो मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकला नाही, स्वतःच्याही नाही. लोकरीचा भाव सगळ्यांना ठाऊक, विणण्याला भाव नाही. कारण उघड आहे. दळणारा, शिवणारा, घडवणारा दुकान मांडून बसतो. विणणारी घरात बसलेली असते, आणि घरातल्या बाईने केलेलं काम म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी आपली सगळ्यांची समजूत.

ही समजूत काही आपल्या गल्लीतलीच नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी नरसापूर म्हणून गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे हजारो बायका ती विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला, 1982 साली त्यांचं पुस्तक निघालं. लेस परदेशी जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या. पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी', फावल्या वेळात विणतात! आणि फावल्या वेळाला मजुरी कशी लावणार? मिळकत किमान वेतनाच्या पुष्कळ खाली. आता 2024 साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगली गोष्ट आहे. पण मानांकन लेसला मिळतं, त्याने विणणारीच्या तासाचा दर आपोआप ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. दोन सुयांचं विणकाम यंत्राने फार पूर्वी उचललं. विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणायचं यंत्र 1589 सालीच केलं. लुधियानाहून येणारे स्वेटर यंत्रावरचेच, म्हणून ते स्वस्त असतात आणि त्यात काही गैर नाही. क्रोशाचं तसं नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड यंत्र काढतं, पण बाजारात मिळणारं खरं क्रोशाचं काम आजही हातचंच असतं. म्हणजे कुठे क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली, तर कोणा तरी बाईचे तास तिथे कमी भावात गेले आहेत, असं खुशाल समजावं.

यावर घरातूनच पहिला आक्षेप आला. आमचे हे म्हणाले, "म्हणजे आता प्रेमाने काही द्यायचंच नाही का? नातीला बिल पाठवणार?" तसं नाही. नातीचा स्वेटर तो नातीचाच. बहिणीच्या सुनेचं बाळंतपण असेल तर बाळंतविड्यातलं टोपडं मीच विणणार. जिथे खरंच अडचण आहे तिथे लोकरसुद्धा माझी. पण ज्यांना परवडतं, ज्यांचं माझं नातं लिफ्टमध्ये भेटण्यापुरतं आहे, आणि ज्यांना मोबाइलवरच्या फोटोतला 'तस्साच' स्वेटर हवा आहे, त्यांना लोकरीच्या भावात विणून देणं ही माया नव्हे. ती सवय आहे, आणि तिची किंमत दुसरीच कोणी मोजते.

दुसरा आक्षेप एका मैत्रिणीचा. "लोक एवढे पैसे देणारच नाहीत, मग तिचं आहे तेही काम जाईल." या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. काही गिऱ्हाइकं जातील. पण लिज्जत पापडाचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं. तेही घरातलंच काम, बायकांचंच, फावल्या वेळातलंच म्हणा हवं तर. पण तिथे पापड लाटण्याला दर आहे, त्याला त्या 'वणई' म्हणतात, आणि बायका स्वतः संस्थेच्या मालक आहेत. शेजारीण फुकट लाटून देते म्हणून तिथला दर पडत नाही. लाटण्याला दर ठरू शकतो तर विणण्याला का नाही?

तर मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. घराबाहेरच्या कोणी विचारलं तर लोकरीचे पैसे आणि वर विणणावळ, माझ्या विद्यार्थिनीचा जो दर असेल तोच. नाहीतर सरळ तिचा पत्ता देते. ती वेणी माझ्याइतकीच, खरं तर माझ्याहून सफाईने घालते. तिला मी एक वही दिली आणि म्हटलं, "रोज किती तास विणलंस ते लिही. भाव नंतर सांग, आधी तास मोज." ती हसली. शाळेत असताना वही पूर्ण केल्याचं तिचं रेकॉर्ड फारसं चांगलं नव्हतं :)

परिणाम काय? दोघी जणी "बघते" म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. एक शेजारीण थोडी फुगली आहे, "बाई आता धंदा करायला लागल्या" असंही कानावर आलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. सत्तरी ओलांडल्यावर लोकांनी चांगलं म्हणावं याची सवय झालेली असते. एकीने मात्र विद्यार्थिनीला चौदाशे रुपये दिले, घासाघीस न करता. एकच.

आणि सातशेला ठरलेला तो स्वेटर? तो तिने सातशेलाच दिला. ठरलेला शब्द मोडायचा नाही, म्हणाली. मला काय करावं ते सुचेना. वरचे आठशे मी द्यायला गेले, तर तिने घेतले नाहीत.

नातीचा स्वेटर पोचला. गळा डोक्यातून अलगद जातो. गेल्या रविवारी व्हिडिओवर पाहिला, पुढे वरणाचा डाग होता. सूनबाई ओशाळली, पण मला बरंच वाटलं. कपाटात जपून ठेवण्यासाठी नव्हताच विणला.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? विणणारीला, भरतकाम करणारीला, गोधडी शिवून देणारीला तुम्ही काय देता, आणि तो आकडा कसा ठरवता? मोकळेपणाने सांगा. माझं चुकत असेल तर तेही सांगा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता माझ्या कोणी काढल्या तर चालेल.