सर, तुमचं नाणं कुठंय?

शनिवारी सकाळी साडेसहाला उठणं हा आम्हा आयटीवाल्यांत गुन्हा समजला जातो. पण गेले दोन महिने ताईच्या लेकाला क्रिकेट कोचिंगला सोडायचं काम माझ्याकडे आलंय, त्यामुळे नाईलाज. तिथे नेटच्या बाहेर चहा पीत बसलं की कानावर काय पडतं? "हात मोडलेत का?", "डोकं घरी ठेवून आलास?", "तू कॅरम खेळ, जा!" पोरांची वयं दहा-अकरा. आणि मधेच एखादे फी भरणारे बाबा जवळ आले, की "व्हेरी गुड बेटा, व्हेरी गुड!" कशाबद्दल, ते त्या बेट्यालाही कळत नाही.

एकदा न राहवून सरांना विचारलं. उत्तर तयारच होतं. "आचरेकर सर सचिनला कधी 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. कौतुक केलं की पोरं बिघडतात."

झालं! यापुढे बोलायची सोयच नाही.

गोष्ट खोटी नाही. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात खुद्द सचिनने हे सांगितलंय. आपण हुरळून जाऊ म्हणून २९ वर्षांत सर तसं कधी म्हणाले नाहीत. पण त्याच आचरेकर सरांची दुसरी गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात. सराव करून दमलेल्या सचिनच्या स्टंपवर सर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. आउट करेल त्या बोलरला नाणं, आणि शेवटपर्यंत कोणालाच जमलं नाही तर ते सचिनचं. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. आता हे कौतुक नाही तर काय आहे राव? काय केलं की मिळणार हे आधी स्पष्ट, आणि केलं की लगेच हातात! वर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. एवढं करणाऱ्या माणसाने तोंडाने नाही म्हटलं 'वेल प्लेड', तरी पोराला कळतं. तुम्ही नाणं सोडलंत, स्कूटर सोडलीत, फक्त न बोलणं तेवढं उचललंत. तेही अर्धवट, कारण शिव्या चालूच!

आमच्याकडे कोणी "काहीच चालत नाहीये" एवढाच बग टाकला तर आम्ही तो परत पाठवतो. कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं ते लिही म्हणतो. "डोकं घरी ठेवलंस" हा तसलाच बग. पोरगं दुरुस्त काय करणार, डोकं? "पुढचा पाय बॉलपर्यंत गेला नाही" असं सांगा, तो पाय टाकेल. आणि गेला की तिथल्या तिथे "आत्ता गेला बघ, अस्साच" म्हणा. मग भले त्या बॉलवर कव्हरला कॅच गेलेला असो.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल मॅचेसना बसून कोच काय काय करतात ते टिपलं. मग कोचना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं. कोच कसा वागतो हे मुलांना बरंच अचूक माहीत होतं, कोचना स्वतःला नाही! पुढे काही कोचना शिकवलं, की प्रयत्नाला लगेच दाद द्या, चुकल्यावर आधी धीर द्या आणि मग काय करायचं ते सांगा. १९९२ च्या अभ्यासात अशा कोचकडची जेमतेम ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात गळाली, बाकीच्यांकडची २६ टक्के. आणि जिंकण्या-हरण्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे लाड केले की मॅच जाते, हेही गेलं.

"आम्ही असंच शिकलो, आमचं काय बिघडलं?" असं म्हणणारे काका भेटतातच. काका, तुम्ही टिकलात म्हणून सांगताय. जे तेराव्या वर्षी किट माळ्यावर टाकून मोकळे झाले, ते कोणाला सांगणार?

आमच्या साहेबांचं हल्ली शुक्रवारी रात्री पोट दुखायला लागलंय. शनिवारी दहा वाजता आपोआप बरं होतं. म्हणून गेल्या रविवारी पार्किंगमध्ये विटा रचल्या, वर एक रुपया ठेवला आणि टेनिस बॉल टाकायला लागलो. अर्धा तास झाला तरी पठ्ठ्या आउट होईना. शेवटी रुपया खिशात घालत म्हणतो, "मामा, पुढच्या वेळी दहाचं नाणं ठेव."